वर्ध्याचा पांडुरंग, चापिंगोचा प्राध्यापक

(तृतीय वर्ष, कला)

मेक्सिको शहरात शिक्षणखात्याची एक जुनी, प्रशस्त इमारत आहे. तिच्या चौकांभोवतीच्या भिंती दिएगो रिवेरा या विख्यात चित्रकाराने १९२३ ते १९२८ या काळात चित्रांनी भरून टाकल्या. त्यांपैकी १९२८ मधील एका चित्राचे नाव आहे ‘न्वेस्त्रो पान’, म्हणजे आमचा पाव. मेज मांडलेले आहे, भोवती कष्टकरी स्त्रीपुरुष आणि मुले बसली आहेत, आणि मेजाच्या मुख्य जागी बसलेला एक गृहस्थ सर्वांना पाव वाटतो आहे. या गृहस्थाचा चेहरा मेक्सिकन वाटत नाही. तो चेहरा आपल्या वर्ध्याच्या पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा आहे, असे मानले जाते.

खानखोजे यांचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत गदर चळवळीच्या प्रकरणात एखाद्या ओळीपुरते येते आणि पुढच्या ओळीत नाहीसे होते. वीणा गवाणकर यांनी त्यांचे मराठीत चरित्र लिहिले, त्यांच्या कन्या सावित्री यांनी इंग्रजीत लिहिले, म्हणून निदान वाचणाऱ्यांना तरी ते माहीत आहेत. मी त्यांच्यापर्यंत पोहोचले ती एका आडवाटेने. गेली दोन वर्षे मी स्पॅनिश शिकते आहे. मी राहते वडखळला. मुंबई-गोवा रस्त्यावरून अलिबागचा फाटा जेथे फुटतो ते हे गाव. येथे थांबणाऱ्याला बटाटेवडा, पांढऱ्या कांद्याची माळ आणि वाहनांची भलीमोठी रांग या तीन गोष्टी हमखास मिळतात. स्पॅनिशचा शिक्षक मिळत नाही. त्यामुळे शनिवारी वर्गासाठी मुंबई गाठायची आणि उरलेले दिवस क्रियापदांचे तक्ते घोकायचे, असा माझा क्रम आहे. या भाषेचा उपयोग काय, हा प्रश्न मला घरी, दारी, एस.टी.त आणि महाविद्यालयाच्या कट्ट्यावरही विचारला जातो. तेव्हा आपल्यापैकी कोणी या वाटेने पूर्वी गेले आहे काय, हे मी शोधू लागले, आणि खानखोजे सापडले.

भाषा शिकण्याच्या बाबतीत आम्हा पेणकरांचे दैवत खरे म्हणजे विनोबा. याच तालुक्यातील गागोद्याला १८९५ साली त्यांचा जन्म झाला. बडोद्याला शाळेत फ्रेंच, कुराणासाठी अरबी, तुरुंगात दक्षिणेकडील भाषा, असा त्यांचा अभ्यास मरेपर्यंत चालू होता. हे विनोबा १९२१ साली वर्ध्याला राहावयास गेले. मूळचे वर्ध्याचे खानखोजे मात्र त्याच वर्षी मॉस्कोत होते, आणि मायदेशी येण्याची त्यांना बंदी होती.

आता त्यांची हकीगत क्रमाने सांगते.

खानखोजे यांचा जन्म १८८० च्या दशकात वर्ध्याला झाला. पुढील शिक्षण नागपूरला. तो काळ लोकमान्य टिळकांचा होता, आणि विदर्भातील शाळकरी पोरेही केसरीतील अग्रलेखांवर वाढत होती. या मुलाच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली होती. इंग्रजाला घालवायचे तर हत्यार चालवता आले पाहिजे आणि ते शिकायचे तर देशाबाहेर गेले पाहिजे. पंचविशीच्या आतबाहेर असताना त्यांनी घर सोडले. जपानमार्गे ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरले.

तेथे त्यांनी दोन गोष्टींचे शिक्षण एकाच वेळी घेतले, आणि हे मला त्यांच्या आयुष्यातील सर्वांत नवलाचे वाटते. एकीकडे कॅलिफोर्नियात सॅन रफाएल येथील माउंट तमालपाइस लष्करी विद्यालयात कवायत आणि युद्धशास्त्र, दुसरीकडे शेतकी. बर्कली, मग ऑरिगन राज्यातील कॉर्व्हॅलिस, मग वॉशिंग्टन राज्यातील पुलमन, अशा ठिकाणी त्यांनी शेतीशास्त्राचा अभ्यास केला. बंदूक आणि नांगर यांचा त्यांच्या मनात विरोध नव्हता. देश सोडवायचा आणि मग त्याला पोटभर खाऊ घालायचे, असा सरळ हिशेब असावा. पोटासाठी अर्थातच मजुरी. त्या किनाऱ्यावर शेतांत आणि लाकडाच्या गिरण्यांत पंजाबातून आलेले शेतकरी राबत होते. कॅलिफोर्नियाच्या शेतांत त्यांच्या जोडीला मेक्सिकन मजूर असत. मेक्सिकोत १९१० मध्ये क्रांती पेटली. तिच्या आधीपासूनच तेथील हुकूमशाहीला कंटाळलेले लोक सीमा ओलांडून अमेरिकेत येत होते. खानखोज्यांची अशा काही मेक्सिकन मंडळींशी मैत्री झाली. या मैत्रीचा हिशेब पुढे पंधरावीस वर्षांनी चुकता व्हावयाचा होता.

१९१३ मध्ये पॅसिफिक किनाऱ्यावरील हिंदी लोकांची जी संघटना उभी राहिली आणि पुढे गदर पक्ष म्हणून गाजली, तिच्या संस्थापकांत खानखोजे होते. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला सॅन फ्रान्सिस्कोहून ‘गदर’ साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला. लाला हरदयाळ लेखणीचे काम पाहत; लष्करी बाजू खानखोज्यांकडे होती. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर इराणमार्गे बलुचिस्तानात शिरून हिंदुस्थानच्या सरहद्दीवर उठाव करावयाचा, असा बेत ठरला, आणि खानखोजे मुसलमानी नाव घेऊन इराणात गेले. लढाया झाल्या, पकडले गेले, निसटले, टोळ्यांत राहिले. सूफी अंबाप्रसाद यांच्यासारखे सहकारी तेथेच शिराझमध्ये संपले. हा भाग एखाद्या कादंबरीला पुरेल एवढा आहे, पण तो येथे विस्ताराने सांगत नाही. माझ्या विषयाच्या दृष्टीने त्यातील एकच गोष्ट नोंदवते. परक्याचा वेष घेऊन परक्या मुलखात जगावयाचे तर भाषा ही जिवाची बाब होते. तेथे क्रियापदाचे रूप चुकले तर गुण कापले जात नाहीत. माणूस ओळखला जातो आणि मारला जातो.

युद्ध संपले. इंग्रज जिंकले. खानखोजे बर्लिनला आले. १९२१ साली वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, भूपेंद्रनाथ दत्त वगैरे मंडळींबरोबर ते मॉस्कोला जाऊन आले. तेथूनही हिंदुस्थानच्या लढ्याला मिळेल अशी अपेक्षित मदत हाती आली नाही. युरोपात राहावे तर इंग्रजांचे हात कधी पोहोचतील याचा नेम नव्हता. घरी जाणे शक्य नव्हते. चाळिशीच्या घरात आलेला हा माणूस अशा अवस्थेत १९२४ साली मेक्सिकोत उतरला. कॅलिफोर्नियातील जुन्या ओळखी आता कामास आल्या, कारण त्या काळचे परागंदा मेक्सिकन आता क्रांतीनंतरच्या राजवटीत मानाच्या जागांवर होते. मेक्सिको शहराच्या पूर्वेला टेक्सकोकोजवळ चापिंगो येथे राष्ट्रीय शेतकी विद्यालय होते. एका मोठ्या जमीनदाराची हवेली आणि तिची जमीन घेऊन १९२३ मध्ये ते तेथे हलवण्यात आले होते. त्या विद्यालयात खानखोज्यांना प्राध्यापकाची जागा मिळाली.

आणि येथे त्यांना स्पॅनिशमध्ये शिकवावयाचे होते.

कला शाखेच्या वाचकांनी आता थोडे व्याकरण सहन करावे. आपण परकी भाषा शिकतो ती समजण्यासाठी. समजण्यापुरते शिकलेल्याला अर्धी रूपे कळली नाहीत तरी चालते. संदर्भ हात देतो. शिकवणाऱ्याला तशी सूट नसते. वर्गात उभे राहून बी केव्हा पेरले, केव्हा पेरावे, पेरले असते तर काय झाले असते, हे सांगावयाचे म्हणजे भूत, भविष्य, आज्ञा आणि संकेत ही सगळी रूपे जिभेवर पाहिजेत. मी पेरणे या अर्थाचे क्रियापद मुद्दाम घेते. स्पॅनिशमध्ये ते सेम्ब्रार. मी पेरतो, सिएम्ब्रो. तू पेरतोस, सिएम्ब्रास. तो पेरतो, सिएम्ब्रा. पण आम्ही पेरतो म्हणताना मधला ‘सिए’ पुन्हा ‘से’ होतो, सेम्ब्रामोस. आणि ते पेरतात म्हणताना पुन्हा सिएम्ब्रान. आघात ज्या अक्षरावर पडेल तेथे स्वर फुटतो, नसेल तेथे फुटत नाही. नियम कळला की गंमत वाटते. नियम कळेपर्यंत डोके फिरते.

ज्यांनी संस्कृत घेतले आहे त्यांना सेम्ब्रामोसमधील शेवटचा ‘मोस’ ओळखीचा वाटेल. आपण वदामः, वपामः म्हणतो, तोच हा प्रत्यय. लॅटिनमधून तो स्पॅनिशमध्ये उतरला. संस्कृत आणि लॅटिन या एकाच कुळातल्या भाषा. मराठी माणसाला आणखी एक सोय आहे. आपण जातो, येतेस, करतात एवढे म्हटले तरी कर्ता कळतो. मी, तू, ते म्हणावे लागत नाही. स्पॅनिशमध्येही तसेच. इंग्रजीच्या वाटेने स्पॅनिशकडे जाणारा विद्यार्थी प्रत्येक वाक्यात मी मी करीत बसतो. मराठीच्या वाटेने गेले तर तो फेरा वाचतो.

सर्वांत मोठे आश्चर्य आवडण्याचे. इंग्रजीत मी आंबा आवडवतो अशा थाटाची रचना आहे, कर्ता मी. मराठीत मला आंबा आवडतो, आंबे आवडतात. क्रियापद आंब्याप्रमाणे चालते आणि मी आपला चतुर्थीत बाजूला उभा असतो. स्पॅनिशमध्ये हुबेहूब हीच रचना आहे. मे गुस्ता, एक आंबा असेल तर. मे गुस्तान, अनेक असतील तर. आमच्या वर्गात बाकीचे सगळे इंग्रजीतून विचार करून या रचनेशी झगडत असताना पहिल्या बाकावरच्या आम्ही दोघी कोकणातल्या मुली निवांत बसलो होतो. खानखोज्यांनाही ही रचना उपजतच कळली असणार, असे मला राहून राहून वाटते.

पण सगळीकडे अशी सोय नाही. आपला ‘आहे’ तेथे दोन क्रियापदांत विभागला जातो. मूळ स्वभावाला सेर, तात्पुरत्या स्थितीला आणि जागेला एस्तार. माणूस हिंदी आहे म्हणताना सेर; तो मेक्सिकोत आहे म्हणताना एस्तार. एकतीस वर्षे परमुलखात काढणाऱ्या माणसाने हा फरक रोज तोंडाने केला असेल. भूतकाळाचेही दोन प्रकार. एकदा घडून संपलेल्या गोष्टीला सेम्ब्रे, मी पेरले. नेहमी घडत असे त्या गोष्टीला सेम्ब्राबा, मी पेरीत असे. दुसऱ्या प्रकारासाठी आपल्याकडे रीतिभूतकाळ आहेच. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या शास्त्रीय व्याकरणापासून शाळेच्या पुस्तकापर्यंत तो सर्वत्र दिलेला असतो, पण आपण तो परीक्षेपुरता पाठ करून विसरतो. माझी आजी भाताच्या खाचराबद्दल बोलते तेव्हा मात्र जाई, येई, लावी अशीच रूपे वापरते. स्पॅनिशमधला अपूर्ण भूतकाळ मला पुस्तकाने समजावला नाही, आजीने समजावला. खाचर आता नाही. रस्ता रुंद झाला तेव्हा ते गेले. त्यामुळे तिचा भूतकाळ अपूर्ण असला तरी पुरता संपलेला आहे, ही गोष्ट वेगळी.

सर्वांत अवघड तो विध्यर्थासारखा चालणारा प्रकार. एखादी गोष्ट अजून घडलेली नाही, ती घडावी अशी इच्छा आहे, किंवा ती घडल्यावर दुसरे काही करावयाचे आहे, तेथे क्रियापद वेगळे रूप घेते. सिएम्ब्रा म्हणजे पेरतो; सिएम्ब्रे म्हणजे पेरावे. आदराने आज्ञा करतानाही हेच रूप. पाऊस पडला की पेरा, असे आपण म्हणतो. पुढे पडावयाच्या पावसाला आपण बेधडक भूतकाळ लावतो, जणू तो पडून गेला आहे. स्पॅनिश शेतकरी तसे म्हणत नाही. क्वान्दो युएवा, सिएम्ब्रे. न पडलेल्या पावसाला तो इच्छेचे रूप लावतो आणि पेरण्यालाही तेच. शेतकऱ्यांच्या पोरांना शेती शिकवणाऱ्या प्राध्यापकाला या रूपावाचून एक तासही काढता आला नसता. वर्तमानकाळावर भागवणारा प्रवासी खानखोजे होऊ शकत नव्हते. त्यांचा सगळा विषयच पुढल्या हंगामाचा होता.

खानखोज्यांनी चापिंगोत मक्यावर काम केले. मका हे मेक्सिकोचे मूळ धान्य. हजारो वर्षांपूर्वी तेथील लोकांनी तेओसिन्ते नावाच्या रानगवतातून निवडत निवडत मक्याचे कणीस तयार केले. आपल्याकडे नाचणीभाताला जे स्थान, त्याहून मोठे तेथे मक्याला. लोकांच्या देवाधर्मात मका, सकाळसंध्याकाळच्या भाकरीत मका. त्या मक्याच्या देशात परदेशी माणसाने जाऊन मक्याचे शास्त्र शिकवावे, ही छातीची गोष्ट म्हटली पाहिजे. रानटी तेओसिन्ते आणि शेतातला मका यांचे संकर त्यांनी करून पाहिले. थंडी आणि अवर्षण यांना टिकणारी वाणे, जास्त उतारा देणारी वाणे यांवर त्यांचा भर होता. मक्याखेरीज गहू आणि कडधान्ये यांवरही त्यांनी काम केले. १९३० मध्ये मक्याच्या नव्या वाणांवर आणि १९३६ मध्ये मैस ग्रानादा, म्हणजे डाळिंबी मका, या प्रकारावर त्यांच्या पुस्तिका निघाल्या. दोन्ही स्पॅनिशमध्ये. ज्या भाषेत चाळिशीपर्यंत कामापुरतेही लिहिले नव्हते, त्या भाषेत बारा वर्षांत शास्त्रीय ग्रंथ लिहिणे म्हणजे काय, हे ज्याने सेम्ब्रार हे क्रियापद सर्व काळांत चालवून पाहिले आहे त्यालाच कळेल.

विद्यालयात मिळणारे ज्ञान विद्यालयापुरते राहू नये, असे त्यांना वाटे. त्यातून खेड्यांमध्ये मुक्त शेतकी शाळा निघाल्या. शेतकऱ्याने आपल्या गावातच, आपल्या शेताजवळ शिकावे, फी नसावी, परीक्षेचे जोखड नसावे, असा त्यांचा घाट होता. १९२८ मध्ये ओकोपुल्को येथे चालणारी अशी एक शाळा एमिलियानो सापाता याच्या नावाने होती. सापाता हा क्रांतीतील शेतकऱ्यांचा पुढारी. कसणाऱ्याला जमीन हवी म्हणून तो लढला आणि १९१९ मध्ये दगा देऊन मारला गेला. तीना मोदोत्ती या इटालियन छायाचित्रकर्तीने त्या शाळेची आणि खानखोज्यांच्या मक्याची छायाचित्रे काढली आहेत. मोठाल्या कडांच्या हॅटी घातलेले शेतकरी त्यांत दिसतात. टेक्सकोकोच्या परिसरातील कितीतरी खेड्यांत तेव्हा घरची भाषा नाहुआत्ल असे. टोमॅटो, चॉकलेट हे आपल्याही तोंडी बसलेले शब्द त्याच भाषेतले. म्हणजे स्पॅनिश ही शिकवणाऱ्याची मातृभाषा नव्हती आणि शिकणाऱ्यांपैकी अनेकांचीही नसावी. दोघेही मधल्या एका भाषेत भेटत होते.

हे वाचताना मला दूरचे काही वाचते आहे असे वाटले नाही. आमच्याकडील खारेपाटात बांध सांभाळला नाही तर उधाणाचे पाणी शेतात शिरते आणि जमीन काही वर्षे नापीक होते. बांध घालणारा शेतकरी, पीक नेणारा खोत, अशी पूर्वी रीत होती. अलिबाग तालुक्यातील चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी १९३३ मध्ये जमीन न कसण्याचा संप केला. तो १९३९ पर्यंत, म्हणजे सहा वर्षे चालला. त्याच वर्षांत जगाच्या दुसऱ्या टोकाला एक मराठी माणूस सापाताच्या देशातील शेतकऱ्यांना मका शिकवीत होता. चरीच्या शेतकऱ्यांना त्याचे नाव माहीत असण्याचे कारण नाही, आणि त्यालाही चरीची बातमी कळली असेलच असे नाही. पण दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात असे मला वाटते. इतिहासाच्या आमच्या तासाला त्या कधी शेजारी आल्या नाहीत.

भाषेच्या नात्यानेही स्पॅनिश आम्हाला वाटते तितकी परकी नाही. चौल-रेवदंड्याला १७४० पर्यंत पोर्तुगीज होते, आणि रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लईत काही शेकडा लोक आजही पोर्तुगीजमधून निघालेली बोली घरात बोलतात. पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. आपला पगार हा शब्द तिकडून आला. स्पॅनिशमध्येही पैसे देणे म्हणजे पागार. साबण, तेथे खाबोन. पाव, तेथे पान. रिवेराच्या चित्रातला तो हाच. वडखळच्या नाक्यावर वडापाव मागणारा माणूस अर्धी मागणी युरोपातल्या शब्दात करतो, हे त्याला कोणी सांगत नाही.

असो. खानखोज्यांनी १९३६ मध्ये जाँ सिंदिक या बेल्जियन बाईंशी मेक्सिकोत विवाह केला. सावित्री आणि माया या त्यांच्या दोन मुली. आईची मातृभाषा वेगळी, बापाची वेगळी, देशाची तिसरी. असे ते घर होते. मुलींची नावे मात्र इकडची. चित्रकार, क्रांतिकारक, परागंदा झालेले निरनिराळ्या देशांचे लोक यांची मेक्सिको शहरात तेव्हा दाटी होती, आणि खानखोजे त्यांच्यात वावरत होते. त्यांना मान होता, काम होते, घर होते. परत येण्याचे कारण म्हणाल तर एकच, आणि ते कोणत्याही व्याकरणात बसत नाही.

१९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला. ज्या स्वातंत्र्यासाठी हा माणूस चाळीस वर्षे देशाबाहेर राहिला, त्या स्वतंत्र देशात येण्याची परवानगी मागितली तेव्हा प्रथम नकार मिळाला. इंग्रज सरकारने घातलेल्या बंदीच्या कागदांत त्यांचे नाव तसेच राहून गेले होते. ज्या सरकारविरुद्ध बंड केले ते गेले. त्याची यादी मात्र कचेरीत शिल्लक होती. ही अडचण यथावकाश दूर झाली. १९४९ च्या सुमारास ते शेतीसुधारणेच्या कामासाठी येथे येऊन गेले आणि १९५५ मध्ये कायमचे नागपूरला आले. तेव्हा ते सत्तरीच्या आसपास होते.

येथे माझ्या मनातील प्रश्नाला तोंड फुटते. मला लोक विचारतात त्या उपयोगाच्या प्रश्नाहून तो वेगळा आहे. खानखोज्यांचे शेतीशास्त्रातील आयुष्यभराचे काम स्पॅनिशमध्ये होते. नागपुरात ते कोण वाचणार होते? मक्यावरच्या त्यांच्या पुस्तिका हातात घेऊन, एक पान उलटून, त्यांत काय लिहिले आहे हे सांगू शकणारी माणसे तेव्हा सगळ्या विदर्भात किती असतील? परकी भाषा इतकी आत्मसात केली की तिच्यातच माणसाचे उत्तम ते सगळे जमा झाले, आणि मग घरी आल्यावर ते उत्तम कोणाला दाखवता येईना. भाषा शिकणाऱ्याला वाट मिळते असे आपण म्हणतो. परतीच्या वाटेवर तीच भाषा भिंत होऊन उभी राहू शकते, हे खानखोज्यांचे चरित्र वाचण्यापूर्वी माझ्या कधी मनात आले नव्हते. आमच्या वर्गातील एका मुलीने यावर उपाय सुचवला की आपण शिकलेल्यांनी तरी अशी पुस्तके मराठीत आणावीत. तिचे म्हणणे सोपे आहे आणि बरोबर आहे. मैस ग्रानादाचे मराठी भाषांतर करावयाचे तर मला अजून संकेतार्थाची रूपे पक्की करावी लागतील. त्यांचे दोन तक्ते सध्या आमच्या स्वयंपाकघरातील भिंतीवर, आईच्या दिनदर्शिकेशेजारी, लावलेले आहेत.

नागपुरातील त्यांची अखेरची वर्षे फारशा गाजावाजावाचून गेली. मात्र त्याच काळात एक गोष्ट घडत होती. अमेरिकन शास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग १९४४ पासून मेक्सिकोत गव्हावर काम करीत होते. त्यांची बुटक्या ताटाची, रोगाला टिकणारी वाणे १९६३ पासून भारतात प्रयोगासाठी आली. १९६६ मध्ये भारत सरकारने मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचे बियाणे विकत आणले. ज्याला पुढे हरितक्रांती म्हणू लागले तिची ती सुरुवात. हे श्रेय खानखोज्यांचे नव्हे. तसे म्हणणे बोरलॉग यांच्यावर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर अन्याय होईल. पण मेक्सिकोच्या मातीत पीकसुधारणेचे काम जी माणसे आधीपासून करीत होती, त्यांत हा वर्ध्याचा माणूस होता, एवढे म्हणण्यास कोणाची हरकत नसावी.

२०२२ मध्ये चापिंगोच्या विद्यापीठात त्यांचा पुतळा बसवण्यात आला आणि आपल्या लोकसभेच्या अध्यक्षांनी तेथे जाऊन त्याचे अनावरण केले.

१९६६ च्या त्या बियाण्यात दोन वाणे होती, सोनोरा ६४ आणि लेर्मा रोखो. सोनोरा हे मेक्सिकोच्या एका राज्याचे नाव, लेर्मा हे तेथील नदीचे, आणि रोखो म्हणजे तांबडा. पंजाबच्या शेतकऱ्यांनी ते लर्मा रोजो करून टाकले आणि पेरले. खानखोजे तेव्हा नागपुरात होते. १९६७ च्या जानेवारीत, त्या गव्हाच्या काढणीच्या आधी, ते वारले.